मेटा नोस्केने भरलेली पुंगळी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पुंगळी आहे. तुमच्या करंगळीएवढी लांब, बुडाशी जाड, वर दोन उतरते खांदे आणि त्यावर बारीक मान. बंदुकीतून गोळी सुटते तेव्हा ती पुढे जाते आणि मी मागे राहते. लक्ष्यावर भोक पडते ते गोळीचे. टाळ्या मिळतात त्या नेम धरणाऱ्याला. मी गरम गरम मातीत पडते आणि कुणाच्या तरी बुटाखाली जाते. याचे मला पूर्वी वाईट वाटत नसे. आता वाटते, पण ते माझ्यासाठी नाही. का, ते सांगते.

मी एका कारखान्यात पितळेच्या चकतीपासून घडले. यंत्राने मला दाबून आधी वाटी केली, मग पेला, मग नळी. बुडाशी ठिणगी पाडणारी एक टोपी बसवली, पोटात बंदुकीची दारू भरली आणि तोंडात गोळी दिली. मग मी काडतूस झाले. माझ्या जातीच्या काडतुसाला आमच्याकडे ट्रिपल-टू म्हणतात. कोल्हे आणि ससे मारायला शेतकरी ते वापरतात. मला गव्हाच्या एका दलालाने विकत घेतले आणि यारिन्नाच्या नेमबाजीच्या मैदानावर आणले. त्याने मला बंदुकीत सारले, चाप ओढला. टोपीवर सुई आपटली, पोटातली दारू भडकली आणि माझे सारे अंग फुगून नळीला चिकटले. दुसऱ्याच क्षणी मी बाहेर फेकली गेले. दलालाने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी धुळीत पडले आणि मला वाटले, आपले आयुष्य संपले.

तेवढ्यात दोन बोटांनी मला उचलले. बोटांना लोण्याचा आणि मैद्याचा वास होता. ती बोटे मेटा नोस्केची होती.

यारिन्ना हे दक्षिण ऑस्ट्रेलियातले गव्हाचे गाव. उन्हाळ्यात आगीच्या भीतीने मैदान बंद असे. गहू पेरून झाला की ते उघडायचे, आणि मग शनिवारी दुपारी निम्मे गाव तिथे असायचे. पुरुष पोटावर झोपून नेम धरायचे. बायका पत्र्याच्या खोलीत चहा करायच्या आणि घरून आणलेले स्कोन, म्हणजे मैद्याचे छोटे गोडसर पाव, ताटलीत मांडायच्या. बायकांनी बंदूक धरू नये असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. फक्त आजवर कुणी धरली नव्हती. मेटाचा नवरा क्लेम नोस्के हा क्लबातला सर्वांत चांगला नेमबाज. धान्याच्या कोठारावर तो ट्रकांच्या वजनकाट्याचे आकडे वाचायचा. मोठा देह, मोठा आवाज आणि हसला की खोलीभर हसणारा. लोकांचा तो लाडका होता.

मेटा आपली ताटली मेजावर ठेवायची, बादली उचलायची आणि नेमबाजांच्या मागून पुंगळ्या वेचत फिरायची. क्लेमच्या तर वेचायचीच, पण दलालासारखे लोक टाकून जायचे त्याही. कुणी हसत विचारायचे, "काय गं मेटा, कोंबड्यांना दाणे वेचतेस का?" ती म्हणायची, "हो ना. पितळेची अंडी देतात." आणि पुढे सरकायची.

घरी गेल्यावर आमचे खरे काम सुरू होई. क्लेम कामावर गेला की मेटा स्वयंपाकघराचे मेज पुसून आम्हाला त्यावर ओतायची. एकेकीच्या मानेवरून नख फिरवायची. जिला तडा असेल ती बाजूला. मग साबणाच्या पाण्यात अंघोळ. मेजाच्या कडेला एक लोखंडी प्रेस स्क्रूने घट्ट बसवलेली होती. तिच्यातून दाबून निघाले की आमचे फुगलेले अंग पुन्हा मापात यायचे. अनेकदा स्फोट झेलून मान कडक झाली, तर मेटा आम्हाला परातीत पाण्यात उभे करायची, मानेला गॅसची ज्योत लावायची आणि रंग बदलला की बोटाने टिचकी मारून पाण्यात पाडायची. चर्र असा आवाज व्हायचा. मान पुन्हा मऊ. नवी टोपी, छोट्या तराजूवर तोललेली दारू, नवी गोळी. दारू तोलताना ती रेडिओ बंद करायची आणि दाराला कडी लावायची, कारण शेजारीण मध्येच गप्पा मारायला यायची. मला असे कितीतरी वेळा तिने जिवंत केले. मेटाला हे काम आवडायचे. काम करताना ती गुणगुणायची नाही की हसायची नाही, पण तिचे खांदे सैल पडलेले असायचे.

तिला नेमही धरता यायचा. लहानपणी तिच्या वडिलांच्या शेतावर सशांचा सुळसुळाट झाला होता. तेव्हा रात्रीच्या जेवणात ससा असेल की नुसते बटाटे, हे तिच्या नेमावर ठरायचे. वडिलांची ती बारीक बंदूक तिच्या कपाटात कपड्यांच्या मागे होती.

शनिवारी क्लेम सगळ्यांसमोर काडतुसांचा डबा उघडायचा. क्लबचा कप्तान मर्व्ह ट्रेविन एखादे काडतूस उचलून उन्हात फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "क्लेम, गड्या, असलं काम कारखान्यातसुद्धा होत नाही. कसं करतोस?"

"सवय," क्लेम म्हणायचा. "हात स्थिर पाहिजे."

मेटा तेव्हा चहाची किटली भरत असायची. घरी जाताना तिने त्याबद्दल कधी काही विचारले नाही. माझ्या मते सुरुवातीला तिला गंमत वाटत असावी. घरातली गोष्ट, घरातल्या माणसाच्या नावावर. त्यात काय एवढे? पुढे पुढे ती क्लेम असे बोलू लागला की पाठ वळवायची.

अशी बरीच वर्षे गेली. मग क्लेमला दिसेनासे झाले.

एकदम नाही. आधी तो चहा कपाच्या काठावर ओतू लागला. मग वर्तमानपत्र हातभर लांब धरू लागला आणि एक दिवस "डोकं दुखतंय, तूच वाच" म्हणून मेटाच्या हातात देऊन मोकळा झाला. गाडी तीच चालवू लागली. लोकांना क्लेम सांगायचा, गुडघा दुखतो. डोळ्यांबद्दल दोघे कधी बोलले नाहीत, पण मेटाला सारे कळत होते. आणि हेही कळत होते की कोठारावरच्या कुणाला कळले तर दुसऱ्या दिवशी क्लेमच्या जागी दुसरा माणूस बसेल. ती रोज त्याला सोडायला जायची तेव्हा त्याच्याबरोबर खोलीत शिरून काट्याचे भिंग पुसून यायची. लोक म्हणायचे, काय बाई नवऱ्याची काळजी.

वसंतात, गहू कमरेएवढा झाला की, आसपासच्या साऱ्या क्लबांची मोठी स्पर्धा यारिन्नात व्हायची. त्या वर्षी मेटाने आम्हाला नेहमीपेक्षाही जपून भरले. एकेकीची मान बघितली, एकेकीची दारू दोनदा तोलली. मी त्या डब्यात होते, मित्रांनो. माझ्या पोटात काय होते ते माझ्याइतके कुणाला ठाऊक असणार? माझ्यात दारू जितकी हवी तितकीच होती.

क्लेम पोटावर झोपला आणि बंदूक खांद्याला लावली. उत्तरेच्या वाळवंटाकडून येणारा गरम वारा होता, पण फार नव्हता, झेंडे अर्धवट लटकत होते. पहिली गोळी लक्ष्याच्या बाहेर गेली. दुसरीही. माझी पाळी आली तेव्हा नळी इकडून तिकडे फिरत होती, ते मला आतून जाणवले. तो लक्ष्याचा शोध घेत होता. ते कुठे आहे तेच त्याला सापडत नव्हते. माझी गोळी खाली डावीकडे मातीत शिरली आणि मी बाहेर पडले. मेटा मागे गुडघ्यांवर बसली होती. तिने मला उचलले आणि बादलीत न टाकता एप्रनच्या खिशात ठेवले. बहुधा तिला माझी मान पुन्हा एकदा बघायची होती.

क्लेम उठला तेव्हा साऱ्या क्लबांची माणसे त्याच्याकडे बघत होती. मर्व्ह जवळ आला. "काय झालं रे आज?"

क्लेमने टोपी काढली, घाम पुसला. त्याला खरे सांगता आले असते. निदान वाऱ्याला तरी दोष देता आला असता. पण वारा सगळ्यांनाच दिसत होता. तो म्हणाला, "मी काय करू? काडतुसं हिनं भरली. म्हटलं करते हौसेनं तर करू दे. बाईमाणसाला स्वयंपाकघरात बसून भरायला दिली की हे असं होतं."

मर्व्हने सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "काय गं मेटा, दारूच्या जागी स्कोन फुगवायची पावडर नाही ना घातलीस?"

लोक हसले. मर्व्हची बायको आयव्ही चहाच्या खोलीच्या दारात उभी होती, तीही हसली. हसण्यासारखेच होते ते. पण तिथे इतकी शहाणी माणसे जमली होती, आणि त्यातल्या एकानेही विचारले नाही की मग आधीच्या साऱ्या वर्षांची काडतुसे कुणी भरली होती. इतकी वर्षे तिचे काम क्लेमचे होते. ते बिघडले असे वाटले आणि त्याच क्षणी ते तिचे झाले.

मेटा उठली. "त्याला दिसत नाही," एवढे तीन शब्द तिच्याजवळ होते. खिशाच्या कापडातून तिचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेला, म्हणून मला ठाऊक आहे की ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आले होते. ते बोलली असती तर सोमवारी क्लेमची नोकरी गेली असती. तिने बादली उपडी केली. दुपारभर वेचलेल्या साऱ्या पुंगळ्या तिने होत्या तिथेच मातीत ओतल्या, त्यांच्यावरून चालत गेली आणि गाडीत जाऊन बसली. घरी गाडी तिनेच नेली. क्लेम वाटेत गुडघा चोळत होता.

दुसऱ्या दिवशी तिने मेजावरची प्रेस सोडवली आणि गोठ्यात नेऊन ठेवली. स्क्रूची भोके मात्र राहिली. कणीक मळताना पीठ त्यात शिरायचे आणि तिला सुईने कोरून काढावे लागायचे. मला तिने खिडकीत ठेवले. त्यानंतर तिने एकही काडतूस भरले नाही.

पुढच्या वर्षी क्लेमने एका ट्रकचा आकडा इतका चुकीचा वाचला की सारे उघड झाले. त्याला चांगल्या शब्दांत घरी पाठवले. निरोपाचा चहा झाला, भेट म्हणून एक घड्याळ दिले, जे त्याला वाचता येत नव्हते. तेव्हा मला वाटले, आता लपवायचे काही उरले नाही, आता तो बोलेल. पण गावाने डोळ्यांचा आणि त्या स्पर्धेचा संबंध जोडला नाही. लोकांना गोष्ट एकदा जशी कळते, तशीच ती त्यांच्या डोक्यात बसते. आणि स्कोनच्या पावडरीची गोष्ट सांगायला मजा यायची.

याच सुमारास शेजारच्या एका गावात दोन बायका क्लबात नेम धरू लागल्या. मेटाने ते ऐकले. काही आठवडे ती नुसतीच हिंडत राहिली. मग एके सकाळी तिने कपड्यांमागची वडिलांची बंदूक काढून तेल लावले, आणि मर्व्हला निरोप पाठवला की मला सभासद व्हायचे आहे.

मर्व्ह घरी आला. खिडकीतून मला तिघे दिसत होते. मेटाने चहा आणि जॅम लावलेले स्कोन पुढे ठेवले. मर्व्हने दोन खाल्ले, तारीफ केली आणि मग कप बाजूला सारला.

"हे बघ मेटा, तू बाई आहेस म्हणून माझी हरकत नाही. काळ बदललाय. पण आमच्याकडे बहुतेकजण स्वतः भरलेली काडतुसं वापरतात. तू तुझी काडतुसं घेऊन शेजारी नेम धरणार म्हटल्यावर लोक बिचकतात. त्या दिवसाचं अजून सगळ्यांच्या लक्षात आहे."

"त्या दिवसाच्या काडतुसांत काही चूक नव्हती," मेटा म्हणाली.

मर्व्ह क्लेमकडे वळला. "तूच सांग ना, क्लेम. तूच म्हणाला होतास."

क्लेम चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती. मेटा त्याच्याकडे बघत होती आणि तिने पदरचे सारे आयुष्य त्या एका उत्तरावर लावले होते. असे मी म्हणते, कारण तिचा चेहरा मी इतका उघडा पुन्हा कधी पाहिला नाही.

"जाऊ दे रे," क्लेम म्हणाला. "जुनं कशाला उकरायचं आता?"

मर्व्हने टोपी घातली. दाराशी तो मेटाला म्हणाला की शनिवारी ये मात्र, तुझ्या स्कोनवाचून चहाला मजा नाही.

दार लागले. अंगणात त्याची पावले वाजली. मग क्लेम हळू आवाजात म्हणाला, "मेटा, काडतुसं बरोबर होती. मला लक्ष्यच दिसत नव्हतं."

"मला माहीत आहे."

"मग झालं तर."

"क्लेम, त्याची गाडी अजून फाटकात आहे. हाक मार."

क्लेमने डोके खाली घातले. बाहेर फाटक करकरले. गाडी सुरू झाली, थांबली, कारण मर्व्ह फाटक लावायला उतरला असावा, आणि पुन्हा सुरू झाली. एवढा सगळा वेळ होता, मित्रांनो. एक हाक मारायला लागतो त्याच्या कितीतरी पट. दोघेही आवाज दूर जाईपर्यंत ऐकत बसले. मग मेटाने कप उचलले आणि धुतले.

तिने त्याला सोडले नाही. रोज त्याच्या डोळ्यांत औषध घातले, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवले, अंघोळीला नेले. फक्त खेळाचे पान आले की ती ते दुमडून ठेवायची, आणि क्लेमने ते कधी मागितले नाही. शनिवारी ती मैदानावर गेली नाही. वडिलांची बंदूक तिने एका अनोळखी शेतकऱ्याला देऊन टाकली. मला कधीकधी उचलून ती मानेवरून नख फिरवायची. तडा नव्हता. मग परत खिडकीत ठेवायची.

एका हिवाळ्यात क्लेम गेला. चर्च भरले होते. मेटा पुढच्या बाकावर होती आणि मी तिच्या काळ्या कोटाच्या खिशात. मर्व्ह बोलायला उभा राहिला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. तो क्लेमच्या हसण्याबद्दल बोलला, कोठारावरच्या वर्षांबद्दल बोलला. आणि म्हणाला, "क्लेम स्वतःच्या हातांनी काडतुसं भरायचा. तसं काम यारिन्नात पुन्हा कुणी करणार नाही."

मेटाची बोटे खिशात माझ्याभोवती आली. थंडगार होती.

चांगली काडतुसे क्लेमची. वाईट तेवढी मेटाची. असा हिशेब लागला होता, आणि तो लावताना कुणाच्या मनात काही वाईट नव्हते. हेच मला पचत नाही.

नंतर चर्चशेजारच्या सभागृहात चहा होता. मर्व्ह कप घेऊन मेटाजवळ आला. क्लबात क्लेमच्या नावाची फळी लावायची आहे, म्हणाला. त्याने भरलेली एखादी पुंगळी असेल तर दे.

मेटा म्हणाली, "मर्व्ह, ती मी भरायचे. सगळी. पहिल्यापासून."

मर्व्हने तिच्या हातावर हात ठेवला. "हो गं. तू त्याला खूप मदत करायचीस. आम्हाला ठाऊक आहे." आयव्हीने बाजूने तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि हळूच नवऱ्याला म्हणाली, आज तिला बोलायला लावू नकोस.

मेटा बसली नाही. तिने मला खिशातून काढले आणि मर्व्हच्या तळहातावर ठेवले. "हीच घे," ती म्हणाली. "त्या स्पर्धेच्या दिवशीची आहे. गोळी मातीत गेली ती हिचीच."

मर्व्हला काही कळले नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो असे त्याला वाटले असावे. त्याने मला रुमालात गुंडाळले. मेटाने आपली रिकामी ताटली घेतली आणि ती घरी गेली. त्यानंतर मी तिला पाहिले नाही. ती बहिणीकडे किनाऱ्यावर राहायला गेली असे मैदानावर कुणीतरी म्हणाले. दुसरे कुणी म्हणाले, ती गेल्यापासून चहाची मजा गेली.

आता मी क्लबच्या भिंतीवर असते. लाकडी फळी, वर मी, खाली क्लेम नोस्केचे नाव आणि 'स्वहस्ते भरलेले' अशी अक्षरे. वर्षातून एकदा मला ब्रासो पॉलिशने घासतात. शाळेची मुले येतात, मास्तर त्यांना माझ्यासमोर उभे करतात आणि मेहनतीबद्दल चार शब्द सांगतात. हल्ली मुली आणि बायकाही येतात नेम धरायला. परवा एक तरुणी आपल्या पुंगळ्या टोपीत वेचून आत आली, फळीवरचे नाव वाचले आणि मैत्रिणीला म्हणाली, "काय हात असेल गं या माणसाचा."

मित्रांनो, मला घासू नका. मला चकाकी नको आहे. असे एखादे नाव वाचाल तेव्हा आसपास कुणी म्हातारे असेल तर त्याला एवढेच विचारा, की मागे वाकून वेचत कोण होते? घरी ते भरत कोण होते? तो आधी म्हणेल, आठवत नाही. तरी विचारा. जरा थांबा आणि पुन्हा विचारा.

मीच सांगितले असते. पण फळीवर लावताना त्यांना मी रिकामी बरी दिसेना. मर्व्हने एक लाकडी गोळी तासून घेतली, तिला तांब्याचा रंग दिला आणि डिंक लावून माझ्या तोंडात घट्ट बसवली.